ओल्या दोराचा त्रिकोण

लुसिला घळीच्या पलीकडे राहायची आणि शाळा अलीकडे. पूर्वी मुलं तारेवरच्या पाळण्यात बसून दोन मिनिटांत यायची. पण गेल्या पावसाळ्यात दरड कोसळली आणि तार, पाळणा, खांब सगळंच नदीत गेलं. तेव्हापासून लुसिला खालच्या पुलावरून यायची. यायला दीड तास आणि जायला दीड तास. वर्गात शिरण्याआधी ती नळाखाली रबरी बुटांचा चिखल धुवायची. त्या पाण्याच्या आवाजावरून मला कळायचं की ही आली आणि पहिला तास संपत आला.

तिच्या वडिलांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की कॉफीच्या तोडणीपर्यंत नवा पाळणा झाला नाही, तर शाळा बंद. माणूस वाईट नव्हता. संध्याकाळी पोर घरी पोचेपर्यंत तो दारात कंदील घेऊन उभा असायचा, एवढंच.

गावाने मिंगा ठरवली, म्हणजे घरटी एक माणूस आणि सगळ्यांनी मिळून काम. जागा नवी निवडली, दोन्ही काठांवरचे दोन मोठे खडक. तार शहरातून मागवायची होती, आणि ती अखंड हवी. जोडलेल्या तारेवर कुणी लेकरू बसवत नाही. तेव्हा प्रश्न एकच होता, तार किती लांब? सुतळी पलीकडे टाकून मोजायचा प्रयत्न दोनदा झाला. दोन्ही वेळा ती खालच्या झाडीत अडकून तुटली.

मी नववीच्या वर्गाला म्हटलं, घळ न ओलांडता मोजू. फळ्यावरचा मोठा कोनमापक आम्ही फळीवर ठोकला. अलीकडच्या खडकापासून याच काठावरच्या चॅपेलसमोरच्या क्रुसापर्यंत एक सरळ रेघ धरली. पलीकडच्या खडकाला लुसिलाच्या वडिलांनी चुना फासला, म्हणजे लांबून दिसावा. आता रेघ मोजायला दोर हवा होता, आणि दोर म्हटलं की आमच्याकडे डॉन क्लिमाको.

डॉन क्लिमाको खेचरवाले; वडीलधाऱ्याला आम्ही मानाने डॉन म्हणतो. घायपाताचा दोर त्यांच्याइतका चांगला कुणी वळत नाही. त्यांनी मुद्दाम नवा दोर वळला आणि शाळेची मीटरपट्टी मागून घेऊन दर मीटरला एक गाठ मारून दिली. वर मला, म्हणजे शाळेच्या बाईंना, टोमणाही मारला. "प्रोफे, ही फळी-बिळी कशाला? माझा डोळा सांगतो, ब्याण्णव मीटर. चाळीस वर्षं दऱ्या बघतोय."

दुपारच्या उन्हात लुसिलाने रेघ मोजली. बरोबर साठ गाठी. मग कोन घेतले. खडकापाशी पंचाहत्तर अंश आणि क्रुसापाशी अडुसष्ट. तिसरा कोन आपोआप सदतीस, कारण तिघांची बेरीज एकशे ऐंशी. मुलांना मी नेहमी सांगते की त्रिकोणात मोठ्या कोनासमोर मोठी बाजू असते, आणि प्रत्येक बाजूला तिच्यासमोरच्या कोनाच्या साइनने भागलं की तिन्हीकडे एकच उत्तर येतं. साठला सदतीसच्या साइनने भागायचं आणि अडुसष्टच्या साइनने गुणायचं. लुसिलाने वहीत मांडलं. ब्याण्णव पूर्णांक चार.

डॉन क्लिमाकोंनी टोपी काढून चौफेर नमस्कार केला. त्यांचा डोळा आणि पोरीची साइन एकच निघाली होती. सगळे हसले, गुळाच्या गरम पाण्याचे पेले फिरले. बांधायला आणि झोळाला बारा मीटर जास्त धरून एकशे चार मीटरची चिठ्ठी लिहून झाली. दुसऱ्या दिवशी दहाच्या ट्रकने ती शहरात जायची होती.

पण आमच्या वर्गाचा एक जुना नियम आहे. कोणतीही बाजू दोन वाटांनी काढायची. लुसिला दुसऱ्या दिवशी घरून अंधारातच निघाली असावी. मी शाळेत पोचले तेव्हा ती मैदानाच्या कडेच्या पेरूच्या झाडापाशी कोनमापक लावून उभी होती. धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. खडकापाशी आणि क्रुसापाशी तिने लाल फडकी बांधली होती. रात्रभर कुंपणावर राहिलेला दोर तिने उचलला. पेरूपासून खडक पंचेचाळीस गाठी, पेरूपासून क्रूस चाळीस, मधला कोन साडेपंचाण्णव अंश.

दोन बाजू आणि मधला कोन कळला की तिसरी बाजू कोसाइनच्या नियमाने येते. दोन्ही बाजूंचे वर्ग मिळवायचे, आणि दोघींच्या गुणाकाराची दुप्पट कोनाच्या कोसाइनने गुणून वजा करायची. इथे कोन काटकोनाहून मोठा, म्हणून कोसाइन ऋण, म्हणून वजा न होता भर पडली. वर्गमूळ काढलं तर त्रेसष्ट.

काल जी रेघ साठ होती, तीच आज त्रेसष्ट.

लुसिलाचा चेहरा उतरला. तोवर मिंगाची माणसं जमली होती. कुणी म्हणालं कालचंच धरा, कुणी म्हणालं मधलं घ्या. डॉन क्लिमाको म्हणाले, रेघ रात्रीत वाढत नाही, पोरीची झोप मात्र कमी झालीय. ट्रकवाल्याने भोंगा वाजवला.

काय झालंय ते मला कळत होतं. पण तिला अजून पाच मिनिटं द्यावीत असं वाटलं. मी एवढंच विचारलं की कालपासून आजपर्यंत काय काय बदललं?

ती दोराकडे बघत राहिली. मग तिने तो पिळला. हातात पाणी आलं.

"डॉन क्लिमाको, सकाळी धुक्यात निघताना तुम्ही खेचरांचे बंद सैल का करता?"

"भिजला की दोर आखडतो, पोरी. नाहीतर जनावराच्या पोटात रुततो. एवढंही ठाऊक—" आणि ते तोंड उघडं ठेवूनच थांबले.

"आणि हा दोर तुम्ही वळलात कसा?"

"भिजवूनच की. कोरडा वाख कोण वळतो?"

"मग गाठी ओल्यावरच मारल्यात."

तिने धावत मीटरपट्टी आणली. ओल्या दोराची गाठ पट्टीशी तंतोतंत जुळली. मग दोराचं एक टोक शाळेच्या चुलीवर धरून वाळवलं. आता दोन गाठींमधलं अंतर पट्टीच्या बाहेर तीन बोटं गेलं. काल उन्हात आम्ही लांब झालेल्या मीटरने मोजलं होतं. खरी रेघ त्रेसष्टचीच होती, आणि घळ सत्त्याण्णवची.

पाच मीटर तार कमी आली असती. म्हणजे पलीकडच्या खडकाला बांधायला काही उरलं नसतं.

माणसं इतकी हसली की चॅपेलमधला पाद्री बाहेर आला. डॉन क्लिमाकोंच्या बायकोने सगळ्यांसमोर विचारलं, तुमच्या डोळ्यालाही धुक्यात नेऊन भिजवायचं का? त्यांनी स्वतः चिठ्ठीवरचा आकडा खोडला, तिथे एकशे नऊ लिहिला आणि ट्रकमागे पळत जाऊन ती दिली.

तीन आठवड्यांनी तार आली. दोन दिवस सगळं गाव ओढत होतं. दोन्ही खडकांना हवे तेवढे वेढे बसले आणि शेवटी हातात दीड वीत तार उरली. डॉन क्लिमाको तो तुकडा खिशात घालून फिरतात आणि विचारलं तर म्हणतात, माझ्या डोळ्याची चूक आहे ही, जपून ठेवलीय.

सोमवारी मी नेहमीसारखी पहिला तास सुरू केला. नळाचा आवाज आला नाही. वळून बघितलं तर लुसिला पहिल्या बाकावर बसली होती आणि तिच्या बुटांना चिखलाचा ठिपकाही नव्हता.