काकांनी भरलेल्या पिशव्या

चिलोए बेटावर पाऊस इतका, की बेलार्मिनोकाकांच्या कोंबड्या पोहत जाऊन अंडी घालतात. आणि जंगलातली माती अशी कसदार, की एकदा काका काठी रोवून शेजाऱ्याशी गप्पा मारत उभे राहिले, तर निघताना काठीला पालवी फुटलेली! यातलं निम्मं खोटं आहे. कुठलं निम्मं, ते काका सांगत नाहीत.

पिशव्यांची गोष्ट मात्र सगळी खरी.

वर्षापूर्वी गावचीच नोएमी, वाल्दिविआ शहरात शिकणारी, साठ जाळीदार पिशव्या घेऊन आली. प्रत्येकीत तोलून भरलेला वाळका पाला. तीस पिशव्या तिने काकांच्या जंगलात उघड्या पावसात ठेवल्या, तीस तिथेच उभारलेल्या छपराखाली. पुढे पाऊस कमी झाला, तर पाल्यातला नायट्रोजन मातीला मिळणार कसा, हे तिला बघायचं होतं. तिची पदवीच त्यावर होती.

"काका, लक्ष ठेवाल ना?"

काकांनी छातीवर हात ठेवला.

नोएमी परत यायच्या आदल्या दिवशी काका जंगलात गेले आणि बघतात तर काय! छपराखालच्या पिशव्या टम्म, पण पावसातल्या तिसांत जेमतेम मूठमूठ पाला! या बेटावर शेजाऱ्याची ताटली कुणी रिकामी परत करत नाही. आणि इथे तर पोरीची ठेवच आटलेली. काकांनी अंगणातल्या अरायानच्या झाडाची हिरवी पानं ओरबाडली आणि तीसही पिशव्या दाबून भरल्या.

दुसऱ्या दिवशी नोएमीने पावसातली पहिली पिशवी काट्याला लावली आणि तिचा चेहराच पडला.

"काका, वजन वाढलंय!"

"वाढणारच. माझ्या राखणीत काही घटत नसतं."

"पण घटायलाच हवं होतं! पाला कुजून जितका गेला, तितकाच मातीला मिळाला. माझं वर्ष बुडालं हो, काका!"

काकांनी टोपी नीट केली. "त्राउकोचं काम असणार. तो रानातला बुटका भारी खोडकर..."

"अहो," चुलीपाशी बसलेली क्लोरिंदाकाकू म्हणाली, "त्राउकोला आपल्याच अंगणातलं झाड सापडलं वाटतं? पार बोडकं केलंय!"

काकांचे कान लाल झाले. "मीच भरल्या, पोरी. कालच. रिकाम्या कशा द्यायच्या?"

नोएमीने पिशवी ओतली. काळपट, कुजक्या पाल्यात अरायानची बारीक हिरवी पानं कशी लख्ख दिसत होती! तिने एक उचललं, मग दुसरं. आणि ती खुदकन हसली.

"काकू, मिंगा बोलवा!"

मिंगा म्हणजे सारं गाव मदतीला. एरवी अख्खी घरं ओढून दुसऱ्या जागी न्यायला येणारी माणसं त्या दुपारी पानं निवडायला बसली. चिचा म्हणजे सफरचंदाची आंबवलेली दारू फिरली, मिल्काओ म्हणजे बटाट्याचे जाड पोळे उडाले, काकांची यथेच्छ टिंगल झाली. संध्याकाळच्या आत तीसही पिशव्यांतलं शेवटचं हिरवं पान निघालं.

"बघा," नोएमी म्हणाली, "छपराखाली पाला तसाच. पाऊस नाही, तर माती उपाशी."

"म्हणजे पाऊस हा आचारी! तो आला नाही, तर बटाटे भांड्यात कच्चेच."

"हे मी लिहिणार, काका."

निघताना तिने मिल्काओची ताटली काकूच्या हाती न देता काकांपुढे धरली. स्वच्छ पुसलेली, रिकामी. सगळी मिंगा माना उंचावून बघायला लागली.

"घ्या," नोएमी म्हणाली. "रिकामं परत घ्यायची सवय करा. पुढच्या वर्षी पुन्हा साठ ठेवणार आहे."

काकांनी ती दोन्ही हातांनी घेतली, उलटी करून सगळ्यांना दाखवली आणि असे हसले, की म्हणे समोरच्या किनाऱ्यावरची कुत्री भुंकायला लागली.