अळणी पट्टी

नाथाजी हवालदाराच्या गुडघ्यानं पासष्टच्या लढाईपासून वाकणं सोडलं होतं, आणि खुद्द नाथाजीनं त्याच्याही आधीपासून.

पेन्शन घेऊन तो औंधजवळच्या मळ्यात आला आणि गाजराच्या पेरणीपाशी अडला. बी तिळाहून बारीक. उभ्यानं टाकलं की एकाच जागी ढीगभर पडायचं. तोड काढली बायकोनं, मनुबाईनं. वर्तमानपत्राच्या बोटभर पट्ट्या फाडायच्या, पिठाच्या खळीचा ठिपका द्यायचा, ठिपक्यावर एक बी, चार बोटं सोडून पुढचा ठिपका. वाळलेली पट्टी नाथाजीनं उभ्या उभ्या सरीत सोडायची आणि पायानं माती लोटायची.

"कागद पेरून गाजर येतं व्हय?" तो म्हणाला होता. आलं, आणि कवायतीला उभं राहिल्यासारखं ओळीत आलं. पण हवालदाराच्या तोंडून चांगलं म्हणून निघेल तर शपथ. जेवतानाही तेच. पहिल्या घासाला "मीठ कमी हाय" ठरलेलं. मनुबाई मिठाची वाटी पुढं सरकवायची.

बी तिच्या माहेरचं, जतकडचं. बहात्तरच्या दुष्काळातही घागरीच्या पाण्यावर चार रोपं जगवून तिनं ते राखलं होतं. यंदा श्रावणात ती गेली. मूलबाळ नव्हतं. घर खायला उठायचं. निदान तिचं गाजर तरी मळ्यात दिसावं, एवढंच नाथाजीला वाटत होतं.

दसरा झाल्यावर त्यानं स्वतः खळ शिजवली, बियाची डबी झटकून शेवटचं बी चिकटवलं. तिच्या हातची, गेल्या साली बी चिकटवलेली एक पट्टी फडताळात होती. तिचा हात लागलेली म्हणून ती मात्र जन्मभर जपायची, असं त्यानं ठरवलं.

वीस दिवस झाले, सरीत एक पान नाही. शेजारची चंद्राबाई बांधावर आली.

"आवं भावजी, खळीत काय घातलं हुतं?"

"पीठ, पानी. आन मीठ, सवयीनं."

"मीठ?"

"चांगलं मूठभर."

चंद्राबाई हसणार होती. त्याचं तोंड बघून तिनं हसू आवरलं. "खारात बी मरतंय, भावजी," एवढंच म्हणाली आणि गेली.

म्हणजे मनुबाईनं दुष्काळातनं वाचवलेलं बी यानं मिठानं मारलं. आता ते बी जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, फडताळात.

त्यानं पट्टी आणली. मन धजेना. पुरली की तिच्या हातचं काहीच राहणार नव्हतं. शेवटी त्यानं पट्टीच्या टोकाला जीभ लावली.

अळणी होती.

ती पट्टी त्याला उभ्यानं सोडवेना. ताठ पाय लांब करून तो मातीत बसला आणि बोटानं चर काढून त्यानं ती पुरली.

"मीठ बराबर हाय गं," तो म्हणाला. ऐकायला मळ्यात कुणी नव्हतं.