झोळीतला डबा

बरांकिया शहरात डिसेंबरात समुद्रावरून वारा सुटला की घरोघरचे पंखे बंद होतात, आणि पंखे बंद झाले की माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू यायला लागतं. वस्तीतली बरीचशी भांडणं याच महिन्यात होतात ती त्यामुळेच. विल्फ्रान चारिसच्या घरात यंदा त्याच कारणाने डब्याचा शोध लागला.

डबा तसा नवा नव्हता. दोनेक वर्षं तो बैठकीच्या खोलीत, सासूबाईंच्या काचेच्या कपाटावर बसून होता. आत चार हार्ड डिस्क, मागे एक छोटासा पंखा. विल्फ्रानचा धंदा लग्नं, बारशी आणि मुलींचे पंधरावे वाढदिवस चित्रित करण्याचा. रेबोलो वस्तीतल्या निम्म्या लोकांनी जन्मात एकदाच घातलेला चांगला कपडा त्या डब्यात होता. कुणी वारलं की घरचे येऊन त्याची नाचतानाची दृश्यं मागत. घटस्फोट झाला की नवराबायको वेगवेगळे येऊन सगळं पुसून टाकायला सांगत. विल्फ्रान सगळ्यांनाच हो म्हणे आणि काहीही पुसत नसे.

"जावईबापू," सासूबाई, म्हणजे एनेइदाबाई, तिकडच्या मानाच्या भाषेत दोन्या एनेइदा, एका दुपारी झुलत्या खुर्चीतून म्हणाल्या, "तुमचा तो डबा मला झोपू देत नाही."

त्या हे ओरडून म्हणाल्या, कारण समोरच्या घरात शेजारी ओस्वाल्दोचा पिको लागलेला होता. पिको म्हणजे कपाटाएवढा स्पीकर. ओस्वाल्दोच्या पिकोवर गुरगुरणारा वाघ रंगवलेला होता आणि तो लागला की गल्लीतल्या खिडक्यांच्या काचा ठेका धरत.

"आणि हे?" विल्फ्रानने खिडकीकडे बोट दाखवलं.

"ते गाणं आहे."

"दोन्या, त्याने भिंतीचा पोपडा पडला परवा."

"पडू दे. तो आवाज ओस्वाल्दोचा आहे, मी त्याच्या आईला ओळखते. तुझ्या डब्याचा आवाज कुणाचाच नाही. माणसाने शिवी द्यायची कुणाला?"

विल्फ्रानने बायकोकडे पाहिलं. यादिरा नखं रंगवत होती.

"घर आईचं आहे, विल्फ्रान," ती नखांना म्हणाली.

निकाल असा लागला की रविवारी जेवणानंतर सासूबाई खुर्चीत डोळे मिटतील. डबा ऐकू आला, तर त्याची रवानगी लुबीनच्या दुकानात. लुबीन हा मेहुणा, त्याचं टायरचं दुकान. तिथे हवा भरायचं यंत्र दिवसभर धापा टाकत असे आणि रबराची काळी पूड लुबीनसकट सगळ्यावर बसत असे. लुबीनला स्वतःलाच खोकला होता. चार हार्ड डिस्क तिथे फेब्रुवारीतल्या कार्निव्हलपर्यंतसुद्धा टिकल्या नसत्या, आणि त्यांच्याबरोबर सगळ्या वस्तीची लग्नं गेली असती.

विल्फ्रान कामाला लागला. आधी त्याने डबा उघडून रंगाऱ्याच्या कुंचल्याने आतली धूळ काढली. धुळीबरोबर एक मेलेली पाल निघाली, पण आवाज तसाच. मग सेटिंगमध्ये जाऊन पंख्याचा वेग कमी केला. डबा शांत झाला, तापला, आणि आपण तापलोय हे सांगण्यासाठी रुग्णवाहिकेसारखा केकाटू लागला. सासूबाईंनी छातीवर क्रॉसची खूण केली. मग त्याने मध्यवस्तीतल्या बाजारातून भारी पंखा आणला, जो मोठा होता म्हणून सावकाश फिरूनही पुरेशी हवा ओढत होता. यादिराच्या जुन्या चपलेचे तुकडे कापून हार्ड डिस्कच्या स्क्रूंखाली घातले.

"ती चप्पल जुनी नव्हती," यादिरा म्हणाली.

एवढं होऊनही किणकिण राहिलीच. विल्फ्रान कपाटाला कान लावून उभा राहिला तेव्हा त्याला कळलं की किणकिणतो तो डबा नाही. डिस्कची थरथर कपाटात उतरत होती आणि वर मांडलेली सासूबाईंची चिनी माती वाजत होती: कोणकोणाच्या बारशाला मिळालेले हंस, बूट, पाळणे आणि देवदूत. अर्धा आवाज सासूबाईंच्या मालकीचा होता. ही गोष्ट त्याने कुणालाही सांगितली नाही. त्याला त्या घरात राहायचं होतं.

तिकडच्या घरांत एक सोय चांगली असते: झोपायची झोळी टांगायला प्रत्येक भिंतीत आकडे असतात. विल्फ्रानने मासेमारीची जाळी आणली, तिची छोटी झोळी केली, कपाटापलीकडच्या कोपऱ्यात टांगली आणि डबा तिच्यात ठेवला. जाळीतून हवा जाई, आणि थरथर दोरीतच विरून जाई. डबा हलकेच झुलत होता. पंख्याला बोट लावल्याशिवाय तो चालू आहे हे कळत नव्हतं.

"गोड आहे हं," यादिरा म्हणाली. "नाक तुझ्यावर गेलंय."

रविवारी सांकोचो, म्हणजे कंदमुळं घातलेला मटणाचा रस्सा झाला, भात झाला, तळलेली केळी झाली. सासूबाई खुर्चीत बसल्या, झोळीकडे एकदा बघून त्यांनी डोळे मिटले. रविवारच्या त्या वेळेला पिकोही गप्प असे, कारण ओस्वाल्दोही जेवत असे. निकालाची वाट बघत तिथे बसवेना, म्हणून विल्फ्रान कोपऱ्यावरच्या दुकानात थंड बिअर प्यायला गेला.

बाटलीचा तळ दिसतो न दिसतो तोच गल्लीतून सासूबाईंचा आवाज आला.

"गेली! वीज गेली!"

वारा सुटला की तारा तुटतात, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. वीज जाण्याने कुणाचं बिघडत नाही, बिघडतं ती परत येण्याने; येते ती अशी हिसडा देऊन येते की फ्रिज जळतात. म्हणून गेली रे गेली की सगळ्या पिना उपटायच्या. या कामी दोन्या एनेइदांचा अधिकार गल्लीत सर्वमान्य होता. त्या सगळ्यांत आधी ओळखत आणि सगळ्यांत मोठ्याने सांगत.

दुकानदाराने आपल्या टीव्हीकडे बघितलं. टीव्हीत फुटबॉलचा सामना चालू होता. मग तो उठला आणि त्याने फ्रिजची पिन काढली.

"अहो, टीव्ही चालू आहे," विल्फ्रान म्हणाला.

"तुझ्या सासूने सांगितलंय."

"पण वीज आहे!"

"मागच्या वर्षी मीही असाच शहाणपणा केला होता," असं म्हणून दुकानदाराने सामनाही बंद केला. "तो फ्रिज आता लुबीनकडे आहे. त्यात तो बूट ठेवतो."

विल्फ्रान गल्लीत शिरला तेव्हा लोक खुर्च्या घेऊन ओट्यांवर आले होते. ओस्वाल्दो तोंडातला घास चावत, पिकोची पिन हातात धरून उभा होता. गल्लीत इतकी शांतता विल्फ्रानने कधी ऐकली नव्हती. सासूबाई वीज कंपनीशी फोनवर बोलत होत्या.

"तुमच्या पडद्यावर दिसत असेल हो. माझ्या घरात नाही दिसत... बटण कशाला लावून बघू? मी काय आज जन्मले?" त्यांनी फोनवर हात ठेवून गल्लीला सांगितलं, "म्हणतोय, वीज आहे."

गल्ली हसली. कंपनी नेहमी तेच म्हणत असे.

"दोन्या," विल्फ्रानने हळूच विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?"

"कसं म्हणजे? डोळा लागत होता, तर एकदम काहीच ऐकू येईना. ती तुझी गुरगुर नाही, किणकिण नाही. उठले, आधी तुझा डबा काढला, मग फ्रिज." त्यांचा आवाज जरा चढला. "तुझाच आधी काढला हं. नंतर म्हणू नकोस सासूने जाळला."

विल्फ्रान जिंकला होता. एक वाक्य बोललं की पुरे. पण ते वाक्य ऐकायला सगळी गल्ली बसलेली होती, आणि त्यानंतर डिसेंबरात दोन्या एनेइदा ओरडल्या असत्या तर कुणी जागचं हललं नसतं. त्या वाक्यानंतर डबा घरात राहिला असता. विल्फ्रान राहिला असता की नाही, ते सांगवत नव्हतं.

"बघून येतो," तो म्हणाला आणि आत गेला.

त्याने डबा झोळीतून उचलला, काचेच्या कपाटावर जुन्या जागी ठेवला, चिनी माती दोन्ही बाजूंनी नीट सरकवून पिन लावली. सुरू होताना डबा थोडा वेळ पंखा जोरात फिरवतो; तो ओसरायच्या आत विल्फ्रानने मोबाइलवरून वेग शेवटपर्यंत चढवून ठेवला. डबा गुरगुरला. देवदूत, बूट आणि पाळणे किणकिणू लागले.

"आली!" दारातून सासूबाई ओरडल्या. "वीज आली!"

गल्लीने टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. कुणीतरी कंपनीच्या आईची आठवण काढली. ओस्वाल्दोने पिन लावली आणि वाघ गुरगुरला.

सासूबाई आत आल्या. रिकाम्या झोळीकडे, मग कपाटाकडे आणि मग विल्फ्रानकडे त्यांनी बघितलं.

"तिथेच राहू दे त्याला," त्या म्हणाल्या. "वीज आहे की नाही, एवढं तरी कळतं."

"आवाज येतोय, दोन्या."

"मग येऊ दे की! घरातल्या माणसाचा आवाज यायचाच."

त्या खुर्चीत टेकल्या आणि थोड्याच वेळात घोरू लागल्या. विल्फ्रानही कोचावर आडवा झाला, पण त्याला काही झोप लागेना. इतक्या दिवसांत कान लावून लावून त्याला आता तो आवाज ऐकू येऊ लागला होता: पंख्याचा वेगळा, डिस्कचा वेगळा, पाळण्यांचा वेगळा. त्यात काहीतरी कमी होतं. तो उठला. एक हंस थरथरत थरथरत डब्यापासून लांब सरकला होता. त्याने तो परत डब्याला टेकवला.