झोळीचा अर्धा किलो

मी काटा बोलतोय. बाभळीचा नव्हे आणि घड्याळाचाही नव्हे. मी वजनाचा काटा, टांगायचा. वर एक कडी, खाली एक आकडा, मध्ये ताटलीएवढा गोल पांढरा चेहरा आणि त्यावर शून्यापासून पंचवीस किलोपर्यंतच्या खुणा. पंचवीसच्या पुढे मी तोंड उघडत नाही. पुढचं ओझं ज्याचं त्यानं ओळखावं.

सोलापूरजवळ कुंभारी आहे ना, तिच्या पुढे आमची लहानशी वस्ती. तिथल्या आरोग्य उपकेंद्राच्या ओसरीत, तुळईच्या हुकाला मी गेली सव्वीस वर्षं लटकतोय. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पहिली आठवण आहे ती खोक्यातल्या भुशाची, आणि दुसरी वच्छलाबाईंच्या हातांची.

वच्छलाबाई म्हणजे आमच्या नर्सबाई. वस्तीवरचे लोक त्यांना 'शिष्टर' म्हणत. मला खोक्यातून काढून त्यांनी आधी ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसलं. मग आपल्या जुन्या इरकली लुगड्याची दुहेरी झोळी शिवली, तिला जाड दोरी आणि लोखंडी कडी लावली. बाळाला झोळीत ठेवायचं, झोळी माझ्या आकड्याला अडकवायची, की मी वजन सांगणार. असा आमचा तिघांचा संसार सुरू झाला.

झोळी, दोरी आणि कडी मिळून बरोबर अर्धा किलो भरत. काटा शून्यावर आणायचा माझा स्क्रू पहिल्याच वर्षी गंजून बसला, त्यामुळे मी झोळीसकट वजन सांगू लागलो. वच्छलाबाई काही खचल्या नाहीत. त्यांनी भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'झोळीचं अर्धं वजा.' तेव्हापासून दर मंगळवारी एकच पाठ चालायचा. "साडेचार. झोळीचं अर्धं वजा. चार." पुढे त्यांना ही इतकी सवय जडली की बाजारात भोपळा घेतानाही त्यांनी अर्धा किलो वजा केला आणि भाजीवालीशी कडाक्याचं भांडण झालं. ही हकिकत त्यांनी स्वतःच ओसरीवर हसत हसत सांगितली होती.

माझ्या झोळीत काय काय मासले येऊन गेले! कुणी शांत, कुणी आकांत मांडणारा. पुष्कळांनी माझ्यावर अभिषेकही केला. आयांची तऱ्हा तर विचारूच नका. वजन वाढलं की मी देवमाणूस, आणि घटलं की, "काटा बिघडलाय वाटतं, शिष्टर." अहो, मी खोटं बोलून मला काय मिळणार होतं?

त्यातलंच एक बाळ म्हणजे संस्कृती. रामहरी टमटमवाल्याची मुलगी. महिन्याची असताना ती जेमतेम दोन किलो दोनशे ग्रॅम भरली. वच्छलाबाईंकडे वजनाचा तक्ता असतो. त्यात हिरवा पट्टा म्हणजे बाळ ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा आणि लाल म्हणजे धावा. संस्कृती लालात होती. वच्छलाबाई दर मंगळवारी तिच्या घरी जाऊन तिला उचलून आणत. तिची आई कंटाळली, पण बाई कंटाळल्या नाहीत. दहाव्या महिन्यात पोर हिरव्यात आली, तेव्हा रामहरीनं अख्ख्या वस्तीला गूळ वाटला. थोडा माझ्या आकड्यालाही चिकटला होता. मुंग्या मात्र आठ दिवस हटल्या नाहीत.

हीच संस्कृती मोठी होऊन सोलापुरात नर्सिंग शिकली आणि आमच्याच उपकेंद्रात कामाला लागली. ज्या झोळीत ती लोंबकळली, त्याच झोळीत आता ती दुसऱ्यांची बाळं ठेवू लागली. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! वच्छलाबाई निवृत्त होऊन मुलाकडे सोलापुरात राहायला गेल्या, त्या अगदी निश्चिंत मनानं.

पण माझ्या नशिबात एक जोडधंदाही होता. विमानात तेवीस किलोच नेऊ देतात आणि मी पंचवीसपर्यंत मोजतो, ही बातमी कशी कोण जाणे पसरली. मग परदेशी निघालेल्यांच्या बॅगा माझ्याकडे येऊ लागल्या. कुणी दुबईला गाडी चालवायला, कुणी मस्कतला गवंडीकाम करायला. सगळ्या बॅगांना शेंगाचटणीचा वास. एकदा एक गोरी पाहुणी आमचं उपकेंद्र बघायला आली होती. तिनंही गंमत म्हणून आपली पाठीवरची पिशवी मला अडकवली. नऊ किलो भरली. आठवड्यापूर्वी मनात आलं, कागद मिळाले आणि आले, असं ती सांगत होती.

आणि आमच्या संस्कृतीला जर्मनीच्या इस्पितळात नोकरी मिळाली तेव्हा काय झालं? निघायलाच सोळा महिने लागले! सोलापुरात सातरस्त्याला एका दुकानाच्या माडीवर जर्मन शिकवतात, तिथे ती रोज संध्याकाळी जायची. परीक्षा, दाखले, शिक्के, बोटांचे ठसे, पुन्हा दाखले. दुपारी ओसरीवर कुणी नसलं की ती मलाच जर्मन म्हणून दाखवायची. मला एक अक्षर कळलं नाही, पण मी मान हलवत राहिलो. वाऱ्यानं हलत होतो, हे तिला कुठं ठाऊक?

तिला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. इथे तिची नोकरी अकरा-अकरा महिन्यांची, पगार उशिरा, घरावर पत्रे. तिकडे म्हातारी माणसं फार आणि त्यांना बघायला हात कमी, म्हणून मानानं बोलावणं आलेलं. कोण जाणार नाही?

निघायच्या दिवशी बॅगेचं वजन करायला वच्छलाबाई मुद्दाम सोलापुरातून आल्या. बॅगेत सोलापुरी चादर होती, कडक भाकऱ्या होत्या, चटणी तर होतीच. रामहरी आणि दोघा-तिघांनी मिळून बॅग माझ्या आकड्याला लावली. माझी स्प्रिंग करकरली. साडेतेवीस! मी स्पष्ट साडेतेवीस दाखवत होतो. वच्छलाबाईंनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं आणि सव्वीस वर्षांच्या सवयीनं म्हणाल्या, "साडेतेवीस. झोळीचं अर्धं वजा. तेवीस. लाव कुलूप!"

अहो बाई, बॅगेला कुठली झोळी? पण मला बोलता येत असतं तर आणखी काय हवं होतं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, संस्कृतीनं बाईंना वाकून नमस्कार केला, मग माझ्या गार चेहऱ्यावरून हात फिरवला आणि टमटममध्ये बसली.

त्या गडबडीत एक गोष्ट फक्त माझ्या लक्षात आली. शेजारच्या खिळ्यावर झोळी नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून उपकेंद्राला कुलूप लागलं. संस्कृतीच्या जागी कुणी आलं नाही. शेजारच्या गावची नर्स अधूनमधून यायची, पण तिच्याकडे आधीच चार गावं. मी ओसरीत लटकून वाट बघत होतो, आणि मी एकटाच नव्हतो.

रेश्मा नावाची बारावी शिकलेली तरुण बाई आहे. तिचा अमृत तेव्हा तीन महिन्यांचा होता. जन्मताना दोन किलोही नव्हता, त्यामुळे डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, दर आठवड्याला वजन करा, घटलं तर लगेच घेऊन या. संस्कृती असताना तो चार किलो शंभरपर्यंत पोचला होता. अजून लालातच, पण काटा पुढे चालला होता. संस्कृती गेल्यावरच्या मंगळवारी रेश्मा आली, कुलूप बघून परत गेली. पुढच्या मंगळवारी आली, पायरीवर बसून राहिली, परत गेली. अमृतचं रडणं बारीक झालं होतं. एवढं मला वरूनही ऐकू येत होतं. बाळ माझ्यापासून चार हातांवर आणि मी नुसता शून्यावर. आयुष्यात मला माझ्या शून्याची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तेव्हा मनात आलं, मला एकच आकडा आहे. तराजूसारखी दोन पारडी असती, तर दाखवलं असतं. तिकडच्या पारड्यात आयती वाढलेली, शिकलेली, हात बसलेली नर्स पडली. इकडच्या पारड्यात एक कुलूप. आणि तिला लालातून हिरव्यात आणायला किती मंगळवार गेले, ते तर कुणी वजनातच धरलं नाही.

तिसऱ्या मंगळवारी रामहरीची टमटम दारात थांबली. त्यानं रेश्माला पायरीवर पाहिलं.

"काय गं, हितं का बसलीस?"

"वजन करायचं हुतं, काका. पोरगं चार दिस झालं जुलाबानं पार गळालंय. पर हितं कोन न्हाय."

रामहरीनं दारावरच्या कुलपाकडे पाहिलं. मग म्हणाला, "माजीच पोरगी गेली की गं. बस हितंच, हालू नगंस." आणि टमटम वळवून तो सुसाट गेला.

तासाभरात तो वच्छलाबाईंना घेऊन आला. त्या घरच्या साडीतच, हातात चष्म्याची डबी घेऊन उतरल्या. शेजारच्या अंगणवाडीतून किल्ली आणून दार उघडलं, पण झोळी सापडेना. कपाट झालं, पेटी झाली.

"कुटं गेली वो माजी झोळी?" त्या रडकुंडीला आल्या.

रामहरीनं जीभ चावली. टमटमच्या सीटखालून त्यानं एक पुडकं काढलं. इरकलीची झोळी!

"तुमाला द्यायची राहिली, शिष्टर. पोरीनं गुपचूप बॅगंत घातली हुती, आठवन म्हनून. मी इमानतळापतुर सोडाया गेलो हुतो, तितं बॅग अर्धा किलो जास्त भरली. त्यो मानूस म्हनला, कायतरी काढा. पोरीनं चटनीकडं बघितलं, झोळीकडं बघितलं. मग दारापतुर येऊन झोळी माज्या हातात दिली. म्हनली, बाबा, ही तितं काय कामाची? हितंच लागंल."

वच्छलाबाईंनी झोळी छातीशी धरली. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू एकदमच आलं. "म्हंजी झोळी बॅगंतच हुती? मंग मी बरोबरच वजा केलं की!"

त्या रडक्या दुपारी रेश्मासुद्धा हसली.

पण मी हसलो नाही, कारण लगेच अमृत माझ्या आकड्याला आला. चार किलो दोनशे, झोळीचं अर्धं वजा, तीन किलो सातशे. तीन आठवड्यांत चारशे ग्रॅम घटला होता. वच्छलाबाईंचं हसू मावळलं. त्यांनी बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली; अंगातलं पाणी आटल्यानं ती चटकन सपाट होईना. त्या उठल्या. "रामहरी, टमटम काढा. सोलापूरला, दवाखान्यात. आत्ताच्या आत्ता."

आठ दिवसांनी अमृत दवाखान्यातून परत आला, आणि आला तो भोकाड पसरतच. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून दर मंगळवारी रामहरी वच्छलाबाईंना सोलापुरातून आणतो आणि परत सोडतो. भाड्याचं नाव काढलं की म्हणतो, "शिष्टर, तुमी माजी पोरगी लालातनं काढली तवा भाडं घेतलं हुतं व्हय?" वच्छलाबाईंनी रेश्माला माझ्यासमोर उभं केलं आणि काटा वाचायला शिकवलं, तक्ता भरायला शिकवलं. सुरुवातीला ती झोळी वजा करायला विसरायची आणि सगळी वस्ती एकदम अर्ध्या किलोनं गुटगुटीत व्हायची. आया खूश, बाई लालबुंद!

संस्कृतीचा फोन येतो. पहिला प्रश्न, "अमृत किती भरला?" ती सांगते, तिकडे नव्वदीच्या आज्यांना वजनाच्या खुर्चीवर बसवतात. एक आजी उठताना रोज हिचा हात धरून ठेवते, सोडतच नाही. ऐकून मला बरं वाटलं. त्या आजीलाही कुणीतरी हवंच की. फक्त तिचा हात आणि अमृतची झोळी यांच्यामध्ये एकाच मुलीची ओढाताण व्हावी, हे काही मला पटत नाही.

गेल्या मंगळवारी अमृत नऊ महिन्यांचा झाला. रेश्मानं स्वतः त्याला झोळीत ठेवलं. वच्छलाबाई हात मागे बांधून दूर उभ्या राहिल्या. मी काटा स्थिर धरला.

"सात किलो सातशे," रेश्मा म्हणाली. "झोळीचं अर्धं वजा. सात दोनशे." तिनं तक्त्यावर ठिपका दिला. ठिपका हिरव्यात होता.

रामहरीनं पुन्हा गूळ आणला. मुंग्यांना निरोप गेलाच असणार.

रेश्मानं आता नर्सिंगचा अर्ज भरलाय. रामहरी चिडवतो, "शिकवा शिष्टर, लई शिकवा. म्हंजी ही बी जाईल इमानात बसून."

"जाऊ दे की," वच्छलाबाई म्हणाल्या. "बॅगंचं वजन मीच करीन. पर जायच्या आदी आनखी एकीला काटा वाचाया शिकवून जायचं. शिकवल्याबिगर मी कुलूप लावू द्यायची न्हाय."

माझी स्प्रिंग आता थकली आहे. दूरदेशीच्या मंडळींनो, तुमच्या आज्यांना आमच्या मुलींचे हात मिळोत. आमची ना नाही. पण एकीला नेताना इथे दुसरी घडवायला तुम्हीही हातभार लावा. एवढंच म्हातारपणी मागतो. बाकी माझं बरं चाललंय.

आज मंगळवार आहे. टमटमचा आवाज येतोय, पायरीवर तीन आया बसल्यात, झोळी तिच्या खिळ्यावर आहे. चला रेश्माबाई, लावा झोळी. पुढचं बाळ कुणाचं?