केसभर मागचा ठोका

शुक्रवारी आमची भिवंडी गप्प असते. लूम बंद. एरवी पायाखालची फरशीसुद्धा थरथरते, म्हणून हातात लागणाऱ्या त्या ठोक्याचा दोष मी आधी लूमलाच दिला होता.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात आतडं धरायचा नवा चिमटा मी बनवत होतो. लांब नळी, टोकाला इवलासा जबडा, अलीकडे मूठ. मूठ डॉक्टर जोहाच्या लहान हाताच्या मापाची. जुन्या मुठींनी तिचा अंगठा बधिर व्हायचा. तपासायला सिलिकॉनचं नकली आतडं. ते पकडलं की माझ्या तळहातात ठोका लागायचा.

माझी बायको हौसा कीर्तनात टाळी वाजवायची ती नेहमी केसभर मागे. बुवा हसायचे, "हौसाबाय, देव थांबलाय हो तुमच्यासाठी!" हा ठोका तसाच, पकडीच्या केसभर मागे. असल्याच एका जुन्या चिमट्यानं ऑपरेशनात हौसाचं आतडं फाटलं, आणि आठवड्यात ती गेली.

त्या शुक्रवारी जोहा आली. "काका, स्प्रिंग अजून कडकच? की माझी ताकद बघताय?"

"करतो गं बाय."

"कधी? चाचणीची परवानगी आली. सोमवारी वडपे गावच्या एका बाईचं ऑपरेशन आहे, आतडं सुजलेलं. जुन्या चिमट्यानं धरायची भीती वाटते मला."

मी मूठ तिच्या हाती दिली. "काय लागतं का?"

तिनं आतडं पकडलं. "नाही. काय लागायला हवं होतं?"

मी परत घेतली. धक्. लूम बंद, पंखा बंद, तरी धक्.

स्प्रिंग सैल केली की हे थांबतं, मला ठाऊक होतं. एकदा केली होती आणि ठोका गेला तशी घाबरून लगेच आवळली होती. जबडा चावेल तेव्हाच हौसा यायची. म्हणजे भेटीच्या हावेपायी मी तिलाच चिमटे काढत होतो.

पांडुरंगा! मी स्क्रू फिरवला. पुन्हा पकडलं. तळहातात काही नाही. नुसती मूठ.

जोहानं धरून पाहिलं, सोडून पाहिलं. वळसुद्धा उठला नाही. "वा काका! लोण्यात बोट घातल्यासारखं!"

"ते आतडंही घेऊन जा," मी म्हणालो. "मला इथं नको."

तिनं ते दोन बोटांनी उचललं, पिशवीत टाकायला.

"हळू गं!"

"अहो काका, रबर आहे ते."

"हाय. तरी हळू."