मैदानाचं पाणी

"तू काहून उभी हायेस वं रांगेत? तुहा नवरा तर तिकडं दिवसभर गवतावर पाणी उडवून राहिला!" प्रेमिलाने सिंधूताईची गुंडी टँकरच्या पाइपाखालून बाजूला सारली.

मागच्या बाईने आपली गुंडी पुढे सरकवली. सिंधूताई रिकामी गुंडी कडेवर घेऊन घरी परतली.

तिचा नवरा देवराव लकडगंजच्या पलीकडच्या एका फुटबॉल क्लबात माळी होता. बोअरच्या पाण्यावर मैदान हिरवं राखायचं, हेच त्याचं आयुष्यभराचं काम. यंदा नागपुरात पाण्याचा दुष्काळ पडला, वस्तीचे नळ कोरडे पडले; पण त्याने मैदानावरून तांब्याभर पाणीही कधी घरी आणलं नव्हतं. वस्तीला मात्र ते खरं वाटत नव्हतं.

संध्याकाळी त्याने गुंडी पालथी पाहिली.

"टँकर नाही आला?"

"आला होता. प्रेमिलानं भरू नाही देलं." मग ती म्हणाली, "तिले काही म्हणू नका. घरी सून बाळंतीण हाय तिच्या."

देवराव त्या रात्री जेवला नाही. मैदानावर पहिल्यांदा गवत लावलं, तेव्हा याच बाया रोजीने आल्या होत्या. धानाची रोवणी करावी तशी त्यांनी ओळीने वाकून काडी न् काडी रोवली होती. सिंधूताई आणि प्रेमिला एकाच ओळीत होत्या, गाणी म्हणत.

सकाळी तो क्लबच्या सेक्रेटरींकडे गेला. सुशीलबाबूंनी सगळं ऐकून घेतलं.

"बोअरची धार बोटाएवढी राहिली आहे, देवराव. दोन्हीकडे पुरणार नाही. वस्तीला दिलं तर गवत जाईल."

"जाऊ द्या, साहेब."

"तुम्हीच लावलंत ना ते?"

"म्हणून तर मीच बंद करतो म्हणतो. दुसऱ्यानं केलं तर पाहवणार नाही मले."

सुशीलबाबूंनी खिडकीबाहेरच्या हिरव्या मैदानाकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी होकारार्थी मान हलवली.

देवरावने फवारे काढले आणि फाटकाबाहेर नळ काढून दिला. बाया धावत आल्या. सिंधूताई सगळ्यांच्या मागे उभी राहिली. प्रेमिला तिच्यापर्यंत चालत आली, तिच्या हातातली गुंडी घेतली, भरली आणि स्वतः उचलून तिच्या डोक्यावर ठेवली.

गवत आधी पिवळं पडलं, मग पायाखाली त्याचा भुगा होऊ लागला. देवराव रोज यायचा, कडुनिंबाखाली बसायचा आणि जायचा. काही करण्यासारखं उरलंच नव्हतं. पुढे पावसाळा आला, पण मुळं मेली होती. नुसतं गाजरगवत माजलं.

क्लबने मग प्लास्टिकचं गवत अंथरलं. त्याला पाणी लागत नाही. देवरावला कामावरून काढलं नाही. त्याच्या हाती झाडू दिला.

पहिल्या दिवशी दुपारी तो नेहमीसारखा चपला फाटकाशी काढून मैदानात शिरला. चार पावलांतच तळवे पोळले. तो मागे वळला, चपला पायात घातल्या. इतक्या वर्षांत त्या मैदानावर तो पहिल्यांदाच चपला घालून चालत होता. खाली मान घालून तो झाडू लागला.