शून्याचा रकाना

बाबाचा हात आईवर चालायचा तेव्हा मी फटके मोजायचे. मोजत राहिलं की ओरडायला होत नाही.

बाबा, म्हणजे धर्मेंद्र, चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीत कामाला. बाहेर देवमाणूस आणि घरात आला की कमरेचा पट्टा काढायचा. आईचं एकच पालुपद, "ते नाई मारत वो दामिनी, दारू मारते." मला त्या वाक्याचा संताप यायचा, पण ते खरंही वाटायचं.

सातवीत रत्नमाला मॅडमनी गुणोत्तराचा तक्ता शिकवला. दोन किलो तांदूळ दहा जणांना पुरतो, तर तीस जणांना किती? माणसं तिप्पट, म्हणून तांदूळही तिप्पट. सहा किलो. मी घरी येऊन वरच्या ओळीत बाबाच्या दारूचे पव्वे मांडले, खाली फटके. एका पव्व्याला चार, दोनाला आठ, अर्ध्याला दोन. तक्ता इतका सरळ बसला की मला हसू आलं.

आईचा ओठ फाटला तेव्हा सेवकराममामा आम्हाला त्याच्या गावी, सिहोऱ्याला न्यायला आला. बाबानं लगेच देवळात नारळ फोडला, आता दारूला शिवणार नाही म्हणाला. आई पिशवी घेऊन दारात अडली. मीच तक्ता तिच्यापुढे धरला.

"शून्य पव्वा, शून्य फटके. हे गणित हाये आई, खोटं कसं होईन?"

आईनं मामाला एकट्यालाच परत पाठवलं.

बाबानं खरंच सोडली. घर शांत झालं आणि मी शाळेत ऐटीत वावरू लागले. मग एका संध्याकाळी तो पाळीवरून आला. भाजी खारट झाली होती. त्यानं थाळी आईच्या तोंडावर मारली, केस धरून तिचं डोकं चौकटीवर आपटलं, पुन्हा आपटलं. मग पट्टा काढून हाणला, त्याचं बक्कल तिच्या कानाला लागलं आणि रक्त गळ्यापर्यंत ओघळलं. मी मध्ये पडले. त्याचं तोंड जवळ आलं तेव्हा मी मुद्दाम हुंगलं. नुसता कांद्याचा वास होता.

"आई, बाबा पिऊन नाई आला!" मी किंचाळले. "वासच नाई येऊन राहिला!"

आईनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचा हात पुन्हा वर गेला होता. तिनं चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि त्याच हातावर हाणलं. कातडी चरचरली. तो बोंबलत खाली बसला, तेव्हा तिनं खांद्यावरही एक हाणलं. मला वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

आम्ही अंगावरच्या कपड्यांनी निघालो. बस थांब्यावर आई कानाला पदर दाबून बसली.

"माहा तक्ता चुकला, आई," मी रडत म्हणाले.

"तुहा कायले चुकीन?" ती म्हणाली. "तोच मारे वो. अन् मी एवढे वर्स दारूले शिव्या देत राहिली."